जाऊ का ते नंतर ठरवा, देऊ का ते आधी

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आसपासच्या, नोकरी करणाऱ्या. गेली नऊ वर्षं कलेक्टिबल पिना गोळा करतात, म्हणजे मीनाकाम केलेल्या, मागे सुई असलेल्या त्या छोट्या धातूच्या पिना. आजवरची सगळी देवघेव ऑनलाइन आणि पार्सलने. १२ पिनांच्या एका सेटमधल्या ११ त्यांच्याकडे आहेत, बारावी लिमिटेड एडिशन आहे, एकूण ३०० च निघालेल्या. ज्यांच्याकडे ती आहे ते गृहस्थ पार्सल करायला तयार नाहीत. पिन ट्रेडिंगचं, म्हणजे पिनांच्या अदलाबदलीचं, तीन दिवसांचं कन्व्हेन्शन आहे तिथे या, हातोहात बदलू म्हणतात. प्रवास लांबचा आणि एकटीने, सुट्टी टाकावी लागणार, वर्षभर बाजूला टाकलेले पैसे जवळजवळ सगळे जाणार. आणि बदल्यात त्या गृहस्थांना एकच पिन हवीय, ताईंच्या वडिलांनी एका मोठ्या क्रीडास्पर्धेत स्वयंसेवक म्हणून काम केलं तेव्हा त्यांना मिळालेली. वडील आता नाहीत. ताई लिहितात, "आईला अजून सांगितलं नाहीये. भाऊ म्हणतो एका पिनेसाठी कोण एवढं लांब जातं. बाबा असते तर जा म्हणाले असते. तिथल्या लोकांशी मला बोलता येईल का माहीत नाही, माझ्याकडे तसं भारी काही नाहीये. जाऊ की नको?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही ते खर्चाचं आणि सुट्टीचंच पत्र वाटलं, कारण दीड पान तुम्ही तिकीट, राहणं, रजा, एकटीने प्रवास यावरच लिहिलंय. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडकले. बाबांच्या पिनेबद्दल तुम्ही लिहिलंय की तिच्या डाव्या कोपऱ्यातला निळा रंग उडालाय, बाबा ती जॅकेटवर लावायचे आणि जॅकेटच्या चेनला घासून घासून तो टवका गेला. एवढंच. पण अख्ख्या पत्रात दुसऱ्या कुठल्याच पिनेचं वर्णन नाही. ज्या बाराव्या पिनेसाठी एवढं सगळं चाललंय तिच्यावर काय चित्र आहे, रंग कोणता, हेसुद्धा तुम्ही लिहिलेलं नाही.

मी यावरून लगेच काही ठरवून टाकत नाहीये, पण मला वाटतं तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांना चिकटून आलेत. एक कन्व्हेन्शनला जाऊ का, आणि दुसरा बाबांची पिन देऊ का. तुम्ही फक्त पहिला विचारलाय. आणि दुसरा न सोडवता पहिला सुटत नाही, म्हणून तुमची चार महिने घालमेल चाललीय, तिकिटाच्या साइटवर जायचं, तारखा टाकायच्या, आणि बंद करायचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरी बसून देता येतं. त्याला तिकीट लागत नाही. उलट तिथे गेल्यावर ते देणं फार अवघड होईल, कारण तोपर्यंत एवढे पैसे खर्च झालेले असतील, तीन दिवसांतला एक दिवस संपलेला असेल, समोर ती बारावी पिन मखमलीच्या पॅडवर ठेवलेली असेल आणि मागे दोन जण रांगेत उभे असतील. अशा वेळी माणूस हो म्हणतो. आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कशाला परत जायचं, असं म्हणून हो म्हणतो. मी हे अगदी जवळून पाहिलंय. एका मेळाव्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एका मुलाने पहिल्या तासातच त्याची सगळ्यात लाडकी पिन देऊन टाकली आणि दुपारी परत मागायला गेला, तोवर ती पुढच्या दोन हातांतून गेलेली होती. कोणी फसवलं नव्हतं त्याला. ट्रेड झाला म्हणजे झाला, असाच तिथला रिवाज असतो आणि तो बरोबरही आहे, नाहीतर कुणी काही बदलणारच नाही.

आता "बाबा असते तर जा म्हणाले असते" याबद्दल. म्हणाले असतीलही, तुम्ही मुलगी आहात, तुम्हाला जास्त माहीत. पण जा म्हणणं वेगळं आणि ती पिन देऊन ये म्हणणं वेगळं ना? तुम्हीच लिहिलंय की स्पर्धेच्या काळात बाबांनी इतर स्वयंसेवकांबरोबर बऱ्याच पिना बदलल्या होत्या आणि ही एक ठेवली होती. म्हणजे अदलाबदल त्यांना आवडायची, आणि तरीही ही त्यांनी कुणाला दिली नाही. यातून दोन्ही अर्थ निघू शकतात, त्यामुळे हा निर्णय बाबांच्या नावावर टाकू नका असं मला मनापासून वाटतं. आणि ती वस्तू एकट्या तुमची आहे का हेही एकदा बघा. ती तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, खरंय, पण आई आहे, भाऊ आहे. "आईला अजून सांगितलं नाहीये" यातला "अजून" मला खटकला. नुसतं कन्व्हेन्शनला जायचं असतं तर तुम्ही आईला कधीच सांगून मोकळ्या झाल्या असतात.

त्या गृहस्थांवर मी संशय घेत नाहीये. पार्सल न करणारे कलेक्टर खूप असतात, एकदा एखादं पाकीट गहाळ झालं की माणूस पुन्हा पोस्टाच्या वाटेला जात नाही. स्वयंसेवकांच्या पिनेवर त्यांचा डोळा असणंही स्वाभाविक आहे. दुकानात मिळणाऱ्या पिना कुणीही विकत घेतो, पण स्पर्धेत काम करणाऱ्यांना, पत्रकारांना, पथकांना ज्या दिल्या जातात त्या दुकानात विकायला नसतात, बहुतेक हातातून हातात जातात, म्हणून त्यांना मागणी असते. पण एक विचारा त्यांना: टवका उडालेला दिसलाय का तुम्हाला? तुम्ही पाठवलेला फोटो समोरून आणि लांबून काढलेला आहे असं तुम्हीच लिहिलंय. कलेक्टर माणूस पिन हातात घेतली की पहिल्यांदा कडेवरून अंगठा फिरवतो, मग उलटी करून मागचा शिक्का बघतो, मग उजेडात तिरकी धरतो. टवका त्याला दोन सेकंदांत सापडेल, आणि त्याच्या हिशोबात तेवढी किंमत कमी होईल, कदाचित तो म्हणेल की वर अजून दोन पिना द्या. त्याच्या दृष्टीने तो डॅमेजच आहे, त्यात त्याची चूक नाही. पण त्या टेबलापाशी उभं राहून बाबांच्या जॅकेटच्या चेनचा भाव करायची वेळ तुमच्यावर यावी असं मला वाटत नाही.

आणि बारावी पिन "शेवटची संधी" आहे का? ३०० निघाल्यात ताई. ३०० म्हणजे कमीच, पण एक नव्हे. त्यातल्या काही हरवल्या असतील, काही कुणी कधीच बाहेर काढणार नाही, तरी या एकाच माणसाच्या एकाच पिनेवर तुमचा सेट अडलाय असं नाही. लिमिटेड एडिशनच्या पिना फिरत राहतात, लोक छंद सोडतात, घर आवरतात, एका मालिकेवरून दुसऱ्या मालिकेवर जातात, आणि अख्खा संग्रह एकदम बाजारात येतो. ११ वर थांबलेला सेट डोळ्यांना खुपतो हे मला पूर्ण मान्य आहे, पिना लावून ठेवायच्या वहीच्या, बाइंडरच्या, त्या पानावर एक रिकामी जागा असते आणि पान उलटताना दर वेळी नजर तिथेच जाते. पण ती जागा अजून दोन वर्षं रिकामी राहिली तरी चालेल. बाबांची पिन एकदा गेली की तिच्या जागी काय ठेवणार तुम्ही?

आता तुमच्या भावाचं बोलणं. इथे मी तुमच्या बाजूने आहे. पिनेसाठी कोण एवढं लांब जातं, तर बरेच जण जातात, आणि फार वर्षांपासून जातात. १८९६ मध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं तेव्हा खेळाडू, पंच, अधिकारी ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याचे बिल्ले होते, तिथून ही गोष्ट सुरू झाली. पुढे खेळाडू एकमेकांशी बिल्ले बदलायला लागले, मग प्रेक्षकही त्यात आले, आणि १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तर कोका-कोलाने पिन बदलण्यासाठी खास सेंटरच उघडलं होतं. डिस्नेने १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये पिन ट्रेडिंग सुरू केलं, नव्या सहस्रकाच्या सोहळ्यासाठी म्हणून, आणि ते आजही चालू आहे, गळ्यात लॅनयार्ड, म्हणजे पिना लावलेली पट्टी, घातलेल्या कर्मचाऱ्याकडे जाऊन तुमची पिन द्यायची आणि त्याची घ्यायची. व्हिडिओ गेमवाल्यांच्या पॅक्स कन्व्हेन्शनमध्ये २०१३ पासून पिना आल्या. अमेरिकेत लिटल लीगच्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजला आलेली मुलं सामन्याइतक्याच उत्साहाने पिना बदलतात, ज्या मुलांची भाषासुद्धा एकमेकांना येत नाही ती पिना दाखवून दोस्ती करतात. तेव्हा हे कुणा एकटीचं खूळ नाही. भावाला हे सगळं सांगून पटेलच असं नाही, पण तुम्ही स्वतःशी तरी लाजू नका.

मग तुम्हाला तिथे जायचंय का? पिनेचा विषय बाजूला ठेवून. हे तपासायला एक सोपा मार्ग आहे आणि तो मी तुम्हाला आजच करायला सांगणार आहे. त्या गृहस्थांना मेसेज करा, साध्या शब्दांत: वडिलांची पिन मी ट्रेडला ठेवलेली नाही, फोटो पाठवला ही माझी चूक, माझ्याकडे ह्या ह्या दुसऱ्या पिना आहेत, यातलं काही चालत असेल तर कळवा. पाठवा आणि फोन बाजूला ठेवा. त्यानंतर दोन-चार दिवस स्वतःकडे लक्ष द्या. तो नाही म्हणाला आणि तरीही तुम्ही रात्री त्या कन्व्हेन्शनचं वेळापत्रक उघडून बघत असाल, कुठली टेबलं असतील, कोण कोण येणार, तर तुम्हाला जायचंय. आणि तो नाही म्हणाल्यावर एकदम सुटल्यासारखं वाटलं, तर तुम्हाला फक्त बारावी पिन हवी होती, आणि मग एवढा खर्च करण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा वाट बघून, दुसऱ्या कुणाकडून ती पिन विकत घेणं बहुतेक स्वस्तात पडेल.

माझं मत विचाराल तर, माझा कल जा म्हणण्याकडे आहे, बाबांची पिन घरी ठेवून. एकच अट, कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डवर नको. तुम्ही वर्षभर साठवलेले पैसे आहेत म्हणता, ते कशासाठी साठवले होते हे तुम्ही लिहिलं नाहीये. औषधपाण्यासाठी, घराच्या दुरुस्तीसाठी असतील तर हात लावू नका, कन्व्हेन्शन पुढच्या वर्षीही असतं. स्वतःसाठीच असतील तर मग कुणाला हिशोब द्यायचाय? पण हिशोब स्वतःपुरता नीट मांडा. लोक प्रवेश, प्रवास आणि राहणं धरतात आणि तिथे घेतल्या जाणाऱ्या पिना धरायला विसरतात, आणि खरा खड्डा तिथेच पडतो. नव्या रिलीज, मिस्ट्री बॉक्स (आत कुठली पिन आहे ते उघडेपर्यंत कळत नाही असे डबे), कलाकारांची टेबलं, सगळं पहिल्या दिवशीच समोर येतं. एक आकडा ठरवा, तेवढे सुटे पैसे वेगळ्या पाकिटात घ्या, आणि त्यातले निम्मे शेवटच्या दिवसासाठी ठेवा, कारण शेवटच्या दुपारी लोकांना ओझं परत न्यायचं नसतं, बोलणी सैल होतात, चांगले ट्रेड तेव्हा होतात.

"माझ्याकडे भारी काही नाहीये" हे वाचून मला थोडं वाईट वाटलं. नऊ वर्षं गोळा करणाऱ्या बाईकडे काही नाही असं होत नाही. तुमच्याकडे डुप्लिकेट किती आहेत? त्या मोजा. आणि तुम्ही जिथे राहता तिथल्या, तिथल्या संस्थांच्या, स्पर्धांच्या, कार्यक्रमांच्या पिना, ज्या तुम्हाला रोजच्या वाटतात, त्या लांबच्या माणसाने कधी पाहिलेल्याही नसतात. ट्रेडिंगच्या टेबलावर किमतीपेक्षा "ही माझ्याकडे नाही" हे जास्त चालतं. भारी पिनांच्या मागे फिरणारे असतात, पण मोठा गट साध्या लोकांचा असतो, कुणी फक्त मांजरी गोळा करतं, कुणी फक्त आगगाड्या, कुणी फक्त एकाच वर्षाच्या.

बोलण्याची भीती असेल तर खरं सांगते, लाजणाऱ्या माणसासाठी याच्याइतकी सोयीची गर्दी दुसरी नसेल. तिथे तुम्हाला ओळख करून द्यावी लागत नाही. तुम्ही बाइंडर उघडून टेबलावर ठेवता, समोरचा बसतो, विचारतो "बघू का?", तुम्ही मान हलवता, आणि मग बराच वेळ कुणीच बोलत नाही, तो तुमची पानं उलटतो, तुम्ही त्याची. मग त्याचं बोट एका पिनेवर थांबतं. तो वर बघतो. तुम्ही एकतर मान हलवता नाहीतर म्हणता "ही नाही". बास. "ही नाही" हे दोन शब्द घरी आरशासमोर म्हणून जा, मी मनापासून सांगतेय, कारण आपल्यासारख्या भिडस्त माणसांना तिथे तेवढेच दोन शब्द कमी पडतात. आणि दुसऱ्याच्या बोर्डवरची पिन न विचारता काढायची नाही, आवडली तर दाखवायची, तो काढून देईल. तुमच्या बाइंडरलाही कुणी न विचारता हात घातला तर थांबवायचं, त्यात उद्धटपणा नाही.

जायचं ठरलं तर अजून काही गोष्टी, तुमच्यासाठी आणि अशाच विचारात असलेल्या इतर वाचकांसाठीही. बनावट पिना, ज्यांना स्क्रॅपर म्हणतात, त्या मेळाव्यात येतातच. कारखान्यात बाद झालेल्या किंवा त्याच साच्यातून गुपचूप जास्तीच्या काढलेल्या असतात, ऑनलाइन ढिगाने स्वस्तात मिळतात आणि मग ट्रेडमध्ये घुसतात. कडा खरखरीत लागते, रंग रेषेबाहेर गेलेला किंवा खड्डा पडल्यासारखा दिसतो, वजन हलकं लागतं, मागची नक्षी अर्धवट किंवा पुसट असते. एकच खूण बघून निकाल देऊ नका, खऱ्या पिनांमध्येही थोडा फरक असतो. आपल्याकडची त्याच मालिकेतली खात्रीची एक पिन सोबत न्या आणि शेजारी धरून बघा. तुमच्या ११ मधली कुठलीही चालेल, आणि बारावी खरी आहे का हेही त्यानेच कळेल. त्या गृहस्थांकडून मागच्या बाजूचा फोटो मात्र आधीच मागवा, निघायच्या आधी.

पिना विमानात चेक-इनच्या सामानात टाकू नका, सोबतच्या बॅगेत ठेवा, आणि बॅगेत सगळ्यात वर, कारण एवढा धातू एका जागी दिसला की सिक्युरिटीवाले बॅग उघडायला लावण्याची शक्यता बरीच. देशाबाहेर जाणार असाल तर तिथले आणि परत येतानाचे कस्टमचे नियम बघून घ्या. निघायच्या आधी प्रत्येक पानाचा पुढून-मागून फोटो काढा. आणि लॅनयार्डवर ज्या पिना लावाल त्यांच्या मागची फिरकी रबराची असेल तर बदला. माझी एक पिन अशीच गेली, हिरव्या कासवाची, रबर ढिलं झालं होतं आणि गर्दीत कधी पडली कळलंही नाही, संध्याकाळी लॅनयार्ड काढताना नुसतं ते काळं रबर बोटाला लागलं. तेव्हापासून मी छोट्या पान्याने घट्ट करायच्या लॉकच्या फिरक्या लावते आणि जी गेली तर रडू येईल ती पिन गळ्यात घालतच नाही.

पहिल्या दिवशी काही बदलू नका असं मी म्हणणार नाही, ते जमत नाही, पण पहिल्या दिवशी फक्त डुप्लिकेटचा बाइंडर न्या. दुसरा खोलीवर ठेवा. रात्री शांतपणे बसून ठरवा उद्या त्यातलं काय टेबलावर जाईल.

एवढा लांबचा प्रवास एकदम झेपेल असं वाटत नसेल तर आधी जवळपासची एखादी छोटी भेट शोधा, चार-सहा कलेक्टर एका दुपारी भेटतात अशी. नऊ वर्षांत तुम्ही पार्सलने ज्यांच्याशी देवघेव केली त्यांतलं कुणीतरी तासा-दोन तासांच्या अंतरावर असेलच. त्यांना विचारलंय का कधी? तुमच्या पत्रात त्या लोकांचा उल्लेख आहे, कुणी तरी दर पार्सलमध्ये चिठ्ठी टाकतं म्हणून, पण भेटायचं मनात आल्याचं कुठे दिसलं नाही. त्यांच्यापैकी कोणी कन्व्हेन्शनला जाणार असेल तर खोली वाटून घेता येईल, राहण्याचा खर्च निम्म्यावर येईल, आणि पहिल्या सकाळी दारातून आत शिरताना सोबत कुणीतरी असेल.

आणि हे सगळं वाचूनही तुम्हाला बाबांची पिन द्यावीशी वाटली, आईशी आणि भावाशी बोलून, टवक्याचं त्या गृहस्थांना आधी सांगून, तर तेही चालेल. एखाद्याला वाटू शकतं की ही पिन ड्रॉवरमध्ये पडून राहण्यापेक्षा तिची कदर असणाऱ्याच्या बोर्डवर असावी. तसं असेल तर मी चूक म्हणणार नाही. फक्त ते इथे, घरी, ठरलेलं असू द्या.

आईशी बोलायला जाल तेव्हा पिन सोबत न्या, फोटो दाखवू नका, हातात द्या. त्या जॅकेटबद्दल तिला काहीतरी आठवेल, तुम्हाला माहीत नसलेलंही असेल. तिला बोलू द्या, कन्व्हेन्शनचं त्यानंतर काढा.